समुद्रालाही वापसा यावा लागतो

केळापूर तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक भावाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "माझे मेहुणे साउदॅम्प्टनला नोकरीला आहेत. त्यांनी तिकडे शिडाची बोट चालवायचा डे स्किपरचा कोर्स केलाय. आम्ही दोघं आणि ते दोघं असे चौघं भाड्यानं बोट घेऊन इंग्लंडहून समुद्र ओलांडून फ्रान्सच्या बंदरात जायचं म्हणतोय. १० जूनला विमान, १२ला बोट ताब्यात, १३ला पहाटे निघून संध्याकाळी चेरबर्ग, मग ऑल्डर्नी, गर्न्सी ही बेटं करून २२ला परत आणि २३ला परतीचं विमान. प्लॅन बरोबर आहे का? आमच्या गावापासून समुद्र इतका लांब, आमच्यासारख्यांनी या भानगडीत पडावं का? आणि बायकोला पोहता येत नाही, चालेल का?"

भाऊ, पडावं. मी साकोली तालुक्यातला. माझी पहिली बोट म्हणजे गावच्या मामा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातला डोंगा, शिंगाडे काढायचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी. पुढे मालवाहू जहाजांवर बावीस वर्षं डेकवर काढली, आणि त्यानंतर सात उन्हाळे तुम्ही म्हणता त्याच पाण्यात लोकांना शिडाच्या बोटीतून नेलं-आणलं. जहाजावर समुद्र खाली असतो, शिडाच्या बोटीत तो शेजारी बसलेला असतो. ते मला जास्त आवडलं. आपल्या दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. म्हणजे मराठी माणसाला हे पाणी परकं नाही.

पण तुमचा प्लॅन बरोबर नाही. बंदरं चांगली निवडलीत. चूक एकच आहे आणि ती मोठी आहे: प्रत्येक तारखेला तुम्ही एक काम बांधून ठेवलंय.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी तुम्ही तिफण काढता का? ओल किती खोल गेली ते बघता, माती मुठीत दाबून बघता, वापसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, की मगच औत घालता. ज्यानं घाई केली त्याच्या नशिबी दुबार पेरणी. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या इंग्लिश खाडीचंही (इंग्लिश चॅनलचं) असंच आहे. वारा, भरती-ओहोटी आणि उजेड या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळून आल्या की समुद्राला वापसा आला. तो १३ तारखेला येईल की १७ला, हे आज कोणी सांगू शकत नाही. पेरणी दुबार करता येते. मध्य खाडीत ती सोय नाही.

हे मी शिकलो ते एका मे महिन्यात. पाहुण्यांचं रविवारचं विमान होतं, म्हणून गुरुवारीच निघायचं असं आदल्या आठवड्यातच ठरवून टाकलेलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट (Wight) बेटाच्या पश्चिम टोकाला नीडल्स नावाचे खडूच्या दगडाचे सुळके आहेत, त्यांच्या बाजूच्या चिंचोळ्या वाटेनं बाहेर पडावं लागतं. ओहोटी नैऋत्येकडे वाहत होती आणि वारा नैऋत्येकडूनच येत होता, वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्टच्या मापानं ५ ते ६. वारा पाण्याच्या प्रवाहाच्या समोरून आला की लाटा लांबट राहत नाहीत, भिंतीसारख्या उभ्या होतात. तिसऱ्या की चौथ्या लाटेला बोट नाकावर आपटली आणि खाली चहा ओतणारे पाहुणे टेबलावर फेकले गेले. एकाचं मनगट मोडलं. मी बोट वळवली, पण ओहोटी आम्हाला बाहेरच ओढत होती. येताना वीस मिनिटांत कापलेलं अंतर परत कापायला सव्वा तास लागला, आणि तो सगळा वेळ तो माणूस हात पोटाशी धरून बसलेला. बेटावरच्या यार्मथ बंदराच्या धक्क्यावर त्याला उतरवताना त्यानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. निर्णय माझा होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही पाहुण्याला निघायची तारीख सांगितली नाही.

आता तुमचा बेत नव्यानं मांडू या. पहिलं म्हणजे जून सोडा. १० जूनला तुम्ही विमानात बसलेले आणि इकडे मृग लागलेला, हे कसं जमणार? तुमचं अर्धं लक्ष पेरणीत राहील. त्यापेक्षा मे महिन्याचा मधला पंधरवडा घ्या आणि मृगाच्या आत घरी या. मे महिन्यात तिकडे पहाटे ५ च्या सुमारास उजाडतं आणि रात्री ९ पर्यंत दिसतं. एवढा मोठा दिवस या प्रवासाला लागतोच. सप्टेंबरात पाणी जरा उबदार असतं हे खरं, पण दिवस लहान झालेला असतो, वादळं सुरू होतात आणि विषुवदिनाच्या आसपासचं उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं असतं. शिवाय तेव्हा तुमच्या कपाशीला बोंडअळी बघायची असते.

पंधरवड्यातले दिवस कुठले, ते घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती, म्हणजे पाणी सगळ्यात जोरात. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांगाची भरती, म्हणजे प्रवाह जवळपास निम्म्यावर. नवख्या लोकांनी भांगावरच समुद्र ओलांडावा. म्हणून बोट अशा बेतानं ताब्यात घ्या की अष्टमी चौथ्या-पाचव्या दिवशी यावी.

पहिले तीन-चार दिवस कुठेही जायचं नाही. वाइट बेट आणि इंग्लंडचा किनारा यांच्या मधल्या सोलंट नावाच्या आडोशाच्या पाण्यातच फिरा. काउझ, लिमिंग्टन, न्यूटाउनची खाडी. शीड चढवणं-उतरवणं, वारा वाढला की शीड आखडणं, धक्क्याला दोर बांधणं, नांगर टाकणं हे सगळं चौघांच्या हाताखालून जाऊ द्या. (आपला नांगर माती उलटतो आणि हा माती धरून बसतो, पण ओढ खाल्ल्याशिवाय दोन्ही कामाला लागत नाहीत.) मग यार्मथला येऊन थांबा. तिथून नीडल्स जवळ आहे आणि हवामानाचा अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ वाचता येतो. ब्रिटिश हवामान खात्याच्या सागरी अंदाजात वाइट आणि पोर्टलंड असे दोन विभाग असतात, तुमच्या कामाचे तेच. वारा ३ ते ४, म्हणजे साधारण ७ ते १६ नॉट (ताशी तितके सागरी मैल), आणि पुढच्या चोवीस तासांत ५ च्या वर जाणार नाही असं दोन्ही विभागांत लागोपाठ दोन अंदाजांत दिसलं, धुक्याचा इशारा नसला, तर निघा. नाही दिसलं तर सोलंटमधूनच पूर्वेकडे पोर्ट्समथला जा, तिथे नेल्सनचं व्हिक्टरी जहाज ठेवलंय ते बघा. नाहीतर वारा जरा मवाळ असेल त्या दिवशी किनाऱ्या-किनाऱ्यानं पूल (Poole) नावाच्या बंदराला जा. फ्रान्स हुकला तर हुकला. वहिनींना हे आत्ताच सांगून ठेवा, तिथे जाऊन नको.

आता खुद्द ओलांडण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

नकाशा काढून बघा. नीडल्स ५० अंश ४० मिनिटांवर आणि चेरबर्ग ४९ अंश ४० मिनिटांवर. रेखांश जवळपास तोच. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा अंतर बरोबर ६० मैल, आपले १११ किलोमीटर, आणि दिशा सरळ दक्षिण, म्हणजे १८० अंश. तुमची बोट ३५ फुटांच्या आसपासची असणार, ती ताशी साडेपाच मैल धरा. म्हणजे अकरा तास. आणि त्या अकरा तासांत पाणी तुमच्या बोटीखालून एकदा पूर्वेकडे वाहणार, एकदा पश्चिमेकडे.

माझ्या लहानपणी वैनगंगेवर आमच्याकडे पूल नव्हता. पूर उतरताना नाववाले काका पलीकडच्या घाटाकडे तोंड करून कधीच निघत नसत. काठाकाठानं बरंच वर जायचे, मग नाव सोडायचे, आणि नदी तिला तिरपी वाहवत बरोबर घाटावर आणून टाकायची. खाडीत हेच तत्त्व आहे. फरक एवढाच की ही नदी दर सहा तासांनी उलटी वाहते.

हिशोब असा करतात. इंग्लिश खाडीच्या प्रवाहांचा एक नकाशासंग्रह मिळतो. डोव्हर बंदराच्या भरतीआधी सहा तास ते भरतीनंतर सहा तास अशी त्यात तेरा पानं. प्रत्येक पानावर बाण, आणि बाणाशेजारी दोन आकडे असतात, समजा ११ आणि २१. पहिला भांगाचा, दुसरा उधाणाचा, म्हणजे १.१ नॉट आणि २.१ नॉट. तुम्ही ज्या तासाला जिथे असाल तिथला आकडा उचलायचा आणि वहीत मांडायचा. माझ्या एका जुन्या खेपेच्या वहीत असं आहे: पहिले सहा तास पूर्वेकडे ०.५, १.१, १.६, १.६, १.२, ०.५. बेरीज साडेसहा मैल. पुढचे पाच तास पश्चिमेकडे, बेरीज साडेतीन. वजा केलं की तीन मैल पूर्वेकडे. ६० मैलांवर तीन मैल म्हणजे सुमारे तीन अंश. तेव्हा सुकाणू १८० ऐवजी १८३ वर धरायचं आणि अकरा तास तिथेच ठेवायचं. मध्ये तुम्ही सरळ रेषेपासून पाचेक मैल बाजूला गेलेले दिसाल. दिसू द्या.

नवखा माणूस इथेच फसतो. समोर पडद्यावर नीडल्स ते चेरबर्ग सरळ रेघ दिसते, बोट रेघेवरून सरकली की जीव कासावीस होतो आणि तो रेघेवर राहायला पाण्याशी भांडत बसतो. सहा तास पूर्वेच्या प्रवाहाशी भांडायचं आणि पाच तास पश्चिमेच्या. जी ढकल समुद्र स्वतःच परत करणार होता, तिच्यासाठी तुम्ही वेग घालवता. उशीर होतो, आणि तोवर चेरबर्गच्या तोंडाशी प्रवाह बदललेला असू शकतो.

त्या तोंडाशी एक गोष्ट सांभाळा. बंदर गाठताना पाणी ज्या बाजूनं येतंय त्या बाजूला राहा. पाणी पश्चिमेकडे वाहत असेल तर बंदराच्या एक-दोन मैल पूर्वेला निघायचं बघा, मग तेच पाणी तुम्हाला दारात आणून सोडतं. उलट बाजूला गेलात तर बंदर डोळ्यांसमोर दिसत असूनही दोन तास पोचता येत नाही. वहीतल्या बेरजेत शेवटी हेही मिळवायचं.

मध्ये मोठी जहाजं लागतील. दक्षिणेला जाताना आधी डावीकडून येतील, अटलांटिककडे निघालेली. नंतरच्या पट्ट्यात उजवीकडून, डोव्हरकडे चाललेली. मी त्या जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून कळकळीनं सांगतो: वरून तुमचं पांढरं शीड फेसाळ लाटेसारखंच दिसतं. त्यांना आपण दिसलोय असं कधीही धरून चालू नका. १८ नॉटचं जहाज नऊ मैलांवर दिसलं तर अर्ध्या तासात अंगावर असतं. हातात धरायच्या होकायंत्रानं त्याची दिशा घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. अंश बदलत नसतील आणि जहाज मोठं होत असेल तर टक्कर ठरलेली आहे. मग लवकर वळा, आणि इतकं वळा की त्यांना वरून स्पष्ट कळावं. पाच-पाच अंशांच्या वळणाला काही अर्थ नाही.

चेरबर्ग मी पहिल्या खेपेला मुद्दाम सुचवतो. भरती असो की ओहोटी, दिवस असो की रात्र, त्यात शिरता येतं. बाहेरचा दगडी बांध १७८० च्या दशकात सुरू होऊन १८५३ मध्ये पुरा झाला. एवढं मोठं बंदर असूनही टायटॅनिक १० एप्रिल १९१२ला इथे आली ती बंदराच्या पाण्यातच नांगरली, धक्क्याला लागली नाही. आत शिरल्यावर पाणी एकदम तलावासारखं होतं. दहा-अकरा तास हलून आलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटतं ते तुम्हीच अनुभवा.

ऑल्डर्नी आणि गर्न्सी मात्र या वेळी नकोत. ऑल्डर्नी आणि फ्रान्सच्या टोकामधल्या पाण्यात उधाणाला प्रवाह ८ नॉटच्याही वर जातो. तुमच्या बोटीचा वेग साडेपाच. त्या पाण्यात वेळ चुकली तर बोट पुढे तोंड करून मागे जाते. त्याऐवजी चेरबर्गहून पूर्वेला बार्फ्लरच्या टोकाला वळसा घालून सेंट वास्तला जा. तिथल्या आतल्या बंदराचं दार भरतीच्या आगेमागे काही तासच उघडतं, तेवढं वेळापत्रक जुळवा. समोर तातिहू बेटावर जुना बुरूज आहे, आणि गावातली कालवं प्रसिद्ध आहेत. शाकाहारी असाल तर पाव आणि लोण्यावर खूश राहाल.

कागदपत्रांत आपल्या पासपोर्टवाल्यांना जास्त काळजी घ्यावी लागते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्ससाठी शेंगेन वेगळा. समुद्रातून गेलो म्हणून कोणी सूट देत नाही. शेंगेनच्या अर्जाला हॉटेलच्या बुकिंगऐवजी बोटीच्या भाड्याचा करारनामा आणि मार्गाचं एक पान जोडा, नाहीतर हे लोक राहणार कुठे, असा प्रश्न येतो. ब्रिटन सोडण्याआधी आणि परतण्याआधी ऑनलाइन कळवावं लागतं. फ्रान्समध्ये पहिलं पाऊल प्रवेश-बंदरातच टाकायचं. चेरबर्ग तसं आहे, सेंट वास्तला थेट जाऊ नका. पोचताना पिवळा झेंडा वर हवा. आणि एक घरगुती गोष्ट: ब्रिटनमधून फ्रान्समध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपातले लाडू इंग्लंडच्या किनाऱ्यावरच संपवा. जवसाची चटणी, भाजलेले दाणे, ठेचा हे चालतं, आणि भर समुद्रात तेच गोड लागतं.

घड्याळाचंही सांगतो. फ्रान्स ब्रिटनच्या एक तास पुढे. भरतीचं कोष्टक कुठल्या वेळेत छापलंय ते पानाच्या कोपऱ्यात बघूनच आकडा उचला. एका तासाच्या चुकीनं बंदराचं दार बंद मिळतं.

मेहुण्यांबद्दल स्पष्ट बोलतो, त्यांनी राग मानू नये. डे स्किपर हे शिक्षण दिवसाउजेडी, ओळखीच्या पाण्यासाठी आहे. खाडी ओलांडायला त्याच्या वरचा कोस्टल स्किपर किंवा यॉटमास्टर लागतो, आणि बोट भाड्यानं देणारेही बहुधा तेच मागतात. ओलांडण्याच्या खेपांसाठी एक पगारी कप्तान घ्या. मेहुण्यांनी त्याच्या शेजारी बसून हिशोब मांडावा. तुम्ही दोघांनी या हिवाळ्यात हैदराबादला जाऊन हुसेनसागरावर चार दिवस शीड हातात धरून बघा. तुमच्या पांढरकवड्याहून हायवे सरळ तिथेच जातो.

परतीसाठी विमानाआधीचे पूर्ण तीन दिवस रिकामे ठेवा. पाचव्या दिवशी जायचा वापसा मिळाला तर नवव्या-दहाव्या दिवसापासून परतीचा शोधायला लागा, आणि मिळाला की फ्रान्समधलं काही बघायचं राहिलेलं असलं तरी निघा. नाहीच मिळाला तर चेरबर्गहून मोठी फेरी-बोट इंग्लंडला जाते, तुम्ही तिनं या, कप्तान नंतर बोट आणेल. हा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे त्या सकाळी पैशाचा विचार मध्ये येणार नाही.

आणि वहिनींना पोहता येत नाही, त्याचं. चालेल. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला तुमची काळजी आहे. तुम्ही विहिरीत पोहलेले, ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या अंगानं उड्या मारलेले. मे महिन्यात त्या खाडीचं पाणी १२ अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात पडल्याबरोबर छाती आवळते, माणूस धापा टाकतो, आणि पहिल्या मिनिटात पाणी छातीत जायची भीती असते. तिथे पोहणं कामाला येत नाही, जॅकेट येतं. म्हणून चौघांनीही फुगणारं लाइफ जॅकेट घालायचं, त्याचा मांड्यांमधून जाणारा पट्टा ओढून घट्ट करायचा, कारण तो सैल असला तर माणूस खाली घसरतो आणि जॅकेट वर जातं. अंधारात, एकटं असताना किंवा शीड आखडायला पुढे जाताना जॅकेटला छातीशी जोडलेला दोर बोटीला अडकवलेला हवा. सुती कपडे नकोत, ओले झाले की ते अंगातली ऊब ओढून घेतात. लोकरीचं घ्या, दोन थर, वरून पाण्याचा कोट. बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आलं चघळा, क्षितिजाकडे बघा, आणि वहिनींना सुकाणू धरायला द्या. ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला बोट कमी लागते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या तासाला मी ते सगळ्यात घाबरलेल्या माणसाच्याच हातात देतो.